निरोप पठाणकोटला पोचला

पडद्यावर हिरवी खूण उमटली की काम झालं असं समजायचं, ही आमच्या धंद्याची सवय आहे. मीही तसंच समजायचो. आता हिरवी खूण दिसली की मी आधी गिऱ्हाइकाचा नंबर काढतो. मग मी फोन उचलतो आणि पलीकडच्याला विचारतो, "खरंच पोचलं का?" गिऱ्हाइकं हसतात. म्हणतात, एवढा वेबसाइटवाला माणूस आणि फोन करून विचारतो.

मी कराडात वेबसाइटी बनवतो. स्टँडच्या मागं, औषधाच्या दुकानावरच्या माडीवर माझं ऑफिस आहे. इंजिनिअरिंग कॉलेज आमच्या गावातच, पण त्याच्या फाटकातून मी आत गेलो तो त्यांच्या कँटीनवाल्याची वेबसाइट करायला. हे काम मी सायबर कॅफेत बसून, दुसऱ्यांची पानं उलगडून बघत शिकलो. वडील जनावरांच्या बाजारात हेडी होते. म्हशींचे, बैलांचे सौदे जमवायचे. घासाघीस आणि तापट तोंड, दोन्ही त्यांच्याकडून आलं. समोरचा "एवढं तर आता एआय पण करतंय" म्हणाला की माझं डोकं फिरतं. मी म्हणतो, मग त्यालाच बोलवा तुमच्या गोडाऊनवर, माल कुठल्या दारातनं आत येतो ते बघायला.

कारण माझं मत पक्कं आहे. वेबसाइट संगणकात बनत नाही, ती वापरणाऱ्याच्या घरात बनते. त्याचा फोन कुठला, तो कुठं चार्ज होतो, चष्मा न लावता त्याला किती मोठं अक्षर दिसतं, हे बघितल्याशिवाय मी की-बोर्डला हात लावत नाही. पान सगळ्यात स्वस्त फोनवर, भर उन्हात, उसाच्या बांधावर उघडलं पाहिजे. नाचणारी चित्रं, सरकणारे पडदे, हे शहरातल्या लोकांना दाखवायला ठीक आहे.

माझी थोरली बहीण, अक्का, कुंडलपासून नदीच्या अंगाला असलेल्या एका गावात दिली आहे. गाव म्हणजे अगदी कृष्णेच्या कुशीत. अक्काचं घर खालच्या आळीत, मागच्या दारातून पायवाट उतरली की नदी. दाजी जाऊन बरीच वर्षं झाली. एकुलता एक मुलगा फौजेत, तेव्हा पठाणकोटला होता. घरात अक्का आणि तिची म्हैस.

मागच्या मोठ्या पुरात गावाचे हाल झाले होते, म्हणून पंचायतीनं ठरवलं की पाणी यायच्या आत प्रत्येक घराला मोबाइलवर सूचना जाईल अशी सोय करायची. सरपंचांनी मला बोलावलं. "पाव्हणं, तुमी आमच्या गावच्या सुनंचं भाऊ. तुमीच करा," असं म्हणाले. मी खूश होऊन कामाला लागलो. अर्धं काम झाल्यावर त्यांचा पुतण्या आला. पुण्याच्या कंपनीत इंजिनिअर, गळ्यात पट्टा, बोलताना दर वाक्यात "बेसिकली". त्यानं माझं काम बघितलं आणि म्हणाला, "काका, हे खूप जुनं वाटतं." मी त्याचा काका नाही. माझं वयही तसं नाही.

मी म्हटलं होतं, नंबर गोळा करायला मी स्वतः घरोघर जातो. तो म्हणाला, "त्याची गरज नाही. डेटा गाव देईल." देवळाच्या भोंग्यावरून पुकारलं गेलं, प्रत्येक घरानं एक मोबाइल नंबर पंचायतीत द्यावा. लोकांनी दिले. ते नंबर त्यानं मला एका फाइलीत पाठवले आणि मी ते जसेच्या तसे भरले. उद्घाटनाला शाल आणि नारळ त्याला मिळाला. मी जनरेटरजवळ उभा होतो, लाइट जाऊ नये म्हणून. हे मी विसरलेलो नाही आणि विसरण्याचा विचारही नाही.

तो दिवस आला त्या श्रावणात वर घाटात पाऊस हटत नव्हता. सकाळी चहा प्यायला मी संगमावर गेलो, तर घाटाच्या पायऱ्या दिसत नव्हत्या. कोयना तांबडीभडक होऊन कृष्णेत घुसत होती. पाण्यातून ओंडके, छपरांची केंबळं, कडब्याच्या पेंढ्यांचं एक अख्खं बुचाड वाहत चाललं होतं. बुचाड बुडत नव्हतं, गोल फिरत पुढं जात होतं. लोक मोबाइल काढून व्हिडिओ घेत होते. मला मात्र एकच गोष्ट दिसली. हे जे आत्ता माझ्या समोरून जातंय, ते दिवस मावळायच्या आत अक्काच्या मागच्या दाराशी असणार. नदीच्या वरच्या गावात राहणाऱ्याला खालच्या माणसाचं भविष्य असं उघड्या डोळ्यांनी दिसतं. चहा तसाच ठेवून मी माडीवर आलो.

तेवढ्यात सरपंचांचा फोन आला. "पाव्हणं, धरणातनं आणखी पाणी सुटतंय. खालची आळी, मधली आळी रिकामी करायची. सोडा मेसेज."

मी मेसेज सोडला. साधी वाक्यं होती, आधीच लिहून ठेवलेली. पाणी वाढत आहे, जनावरं घेऊन कुंडलच्या शाळेत जा, ट्रॅक्टर चावडीपाशी उभे आहेत. बटण दाबलं आणि पडद्यावर घरं एकामागून एक हिरवी होत गेली. अक्काच्या नावापुढंही हिरवी खूण आली. सगळं पोचलं, असं मी सरपंचांना कळवलं. खोटं कशाला बोलू, त्या वेळी छाती फुगली. इंजिनिअर पुण्यात होता आणि गावाला वाचवणारं यंत्र माझ्या माडीवर चाललं होतं.

मग सहज म्हणून अक्काला फोन लावला. बंद. परत लावला. बंद. गावात वीज गेली असणार, चार्जिंग संपलं असणार, असं मनाला सांगितलं. मेसेज तर पोचलाय, निघाली असेल. हिरव्या खुणेकडं बघत मी स्वतःला हे पुन्हा पुन्हा सांगत होतो.

जेवणाच्या सुमारास फोन वाजला. पठाणकोटहून भाचा.

"मामा, गाव खाली करा म्हणून मेसेज आलाय मला. काय झालंय?"

"तुला?" मी म्हटलं. "तुला कसा आला?"

"आवं, घरचा नंबर म्हणून माझाच दिलाय न्हवं आईनं. गॅसचं, बँकेचं, सगळं माझ्याच नंबरावर येतं. टाकी निघाली की मी तिला फोन करून सांगतो. सकाळधरनं ड्यूटीवर हुतो, आत्ता फोन बघितला. आईचा फोन लागंना."

मी खुर्चीवरून उठलो होतो आणि उभं राहून काय करायचं ते कळत नव्हतं. तो "मामा, मामा" करत होता. मी म्हटलं, "थांब, बघतो." काय बघणार होतो, देव जाणे.

पुढच्या थोड्या वेळात फोन थांबेना. भोसरीहून एक, सुरतेहून एक, एक मुंबईच्या गोदीतून, दोघे फौजेतले. मेसेजखाली माझा नंबर होता, म्हणून सगळे मलाच विचारत होते. "आमच्या आबांना कुणी सांगितलंय का?" "म्हातारीला ऐकू येत न्हाई, दार वाजवायला सांगा." मी कपाळाला हात लावून ऐकत होतो. "घरानं एक नंबर द्यावा" असं पुकारल्यावर आमच्याकडं घर कुणाचा नंबर देणार? कमावत्या लेकाचा. भारी फोन त्याचा, वाचता त्याला येतं, इंग्रजी त्याला कळतं. म्हातारीकडं असतो तो बटणांचा डबा, लेकाचा फोन आला की उचलायला. गावानं खरं तेच सांगितलं होतं. मीही प्रामाणिकपणे मेसेज सोडला होता. आणि गाव खाली करायचा निरोप अख्ख्या हिंदुस्थानात पोचला होता, फक्त गावात नाही.

मी सरपंचांना फोन लावला. वाऱ्याचा आवाज, माणसांचा आरडाओरडा.

"सरपंच, खालची आळी निघाली का?"

"निघत्याल की! तुमचंच मशीन म्हणतंय न्हवं सगळं पोचलं म्हणून? आमी वरच्या ओढ्याला हाय, रस्ता बंद व्हायला लागलाय. इथं चार माणसं बी न्हाईत माझ्यासंगं."

"आवं, मेसेज पोरांच्या फोनवर गेलाय! घरात कुणाला पत्ता न्हाई!"

मग ते म्हणाले, "मग तवाच सांगायचं हुतंसा, पाव्हणं."

माझ्या तोंडात अशी शिवी आली होती की ती बाजारातल्या बैलालाही लागली असती. पण रेंज चार दांड्यांवरून एकीवर आली होती. भांडायला रेंज पुरणार नाही, हे मला त्या क्षणी कळलं. मी म्हटलं, "सरपंच, तुमी ट्रॅक्टर सोडू नगासा चावडीवरनं. लोकं मी आणतो." कुठून आणणार होतो?

एक गोष्ट माझ्या हातात होती. ज्यांच्याकडं निरोप गेला होता ती पोरं जागी होती, घाबरली होती, आणि प्रत्येकाला आपली आळी पाठ होती. शेजारी कोण, कुणाच्या घरी इन्व्हर्टर, कुणाचा फोन चालू असतो, दूध संस्थेतला कोण, गिरणीवाला कोण. ते माझ्यापेक्षा आणि सरपंचांपेक्षा जास्त त्यांना ठावं.

मी एक पान बनवलं. सरळ चालत्या सर्व्हरवर, तपासणी न करता. शहाणी माणसं सांगतात की असं कधीच करू नये. बरोबर सांगतात. पान इतकं कुरूप होतं की मी पोटासाठीसुद्धा असलं काम कुणाला दिलं नसतं. पांढऱ्या पडद्यावर गावातल्या घरांची नावं आणि प्रत्येकापुढं लिहायला एक चौकोन. वर मोठ्या अक्षरात एवढंच: "तुमच्या घरात कुणाशी बोलणं झालं ते इथं लिहा. झालं नसेल तर शेजाऱ्याला लावा." हिरवं-तांबडं काही नाही. खुणेवर माझा विश्वास उडाला होता. मला माणसानं टाइप केलेलं वाक्य हवं होतं.

दुवा सगळ्यांना पाठवला. थोडा वेळ काहीच नाही. मग एका चौकोनात अक्षरं उमटली: "गिरणीवाल्याला लागला. त्यो खालच्या आळीत पळालाय." मग दुसऱ्यात: "आई निघाली." तिसऱ्यात: "आबा ऐकत न्हाईत, कुणीतरी उचला त्यास्नी." त्याखाली दुसऱ्याच कुणीतरी: "आमच्या भावाला पाठवलंय." पोरं आपापली गिरणी, कारखाना, चौकी सोडून एकमेकांच्या आईबापाला हुडकत होती. मी पान पुन्हा पुन्हा ताजं करत होतो. अक्काच्या नावापुढचा चौकोन रिकामा होता.

दुपार कलल्यावर भाच्याचा फोन आला. "मामा, शेजारच्या वहिनीच्या फोनवर आई हाय. निघत न्हाई म्हणती. म्हैस व्यायला झालीया. माझं ऐकंना. तुमी बोला."

त्यानं दिलेल्या नंबरावर मी लावला. अक्काचा आवाज शांत होता. त्या शांतपणाचंच मला जास्त भय वाटलं.

"अक्का, निघ. आत्ताच्या आत्ता."

"म्हशीला कळा सुरू झाल्यात. सोडून कशी येऊ? पाणी अजून उंबऱ्याला न्हाई."

"उंबऱ्याला आलं की निघायला उशीर झालेला असतो. मी सकाळी संगमावर बघितलंय, अक्का. लय पाणी हाय."

"मागच्या टायमाला बी असंच म्हणीत हुते."

आणि मी सौदा करायला लागलो. सवयच ती. म्हटलं, तुला यापेक्षा चांगली म्हैस घेऊन देतो, मुऱ्हा घेऊन देतो, दावणीला दोन बांधतो. मी आकडा बोलत गेलो, वाढवत गेलो, जणू ती मागच्या दारात नाही, कराडच्या बाजारात माझ्यासमोर उभी आहे.

ती म्हणाली, "तुझा पैसा तुझ्यापाशी ठेव. ही माझ्या हातची वासरापासनं वाढलेली हाय."

मग माझा तोल गेला. मी ओरडलो, "मग बस तिच्या गळ्यात गळा घालून! मर तिच्यासंगं! मला नंतर फोन करू नगंस!"

फोन कट झाला. तिनं ठेवला की रेंज गेली, कळलं नाही. परत लावला, लागला नाही. शेजारच्या वहिनीचा नंबरही आता बंद.

भीती म्हणजे काय ते मला त्यानंतर कळलं. आधीची होती ती काळजी. आता माझं शेवटचं वाक्य तिच्यापाशी होतं आणि ते परत घ्यायला कुठलंही बटण नव्हतं. पडद्यावर टाइप केलेलं पुसता येतं. मी खोलीत येरझाऱ्या घालत होतो, खाली औषधाच्या दुकानात लोक खोकल्याची बाटली मागत होते, रिक्षावाले भांडत होते. गाडी काढून जावं म्हटलं, तर पान कोण बघणार? पान बघत बसावं, तर अक्काला कोण काढणार? मी जिन्यात चार पायऱ्या उतरायचो आणि परत वर यायचो. एकामागून एक चौकोन भरत होते. "पोचले." "शाळेत हायत." "आबांना उचलून आणलं, शिव्या देत्यात." एकानं लिहिलं, "शिव्या देत्यात म्हंजे बरं हायत." मला हसू आलं नाही. अक्काचा चौकोन तसाच होता.

अंधारून यायला लागलं तेव्हा त्यात अक्षरं आली. भाच्यानं लिहिली होती: "आई टरालीत बसली. म्हैस बी. गिरणीवाल्यानं आणि सहा जणांनी मिळून चढवली. रस्त्यात हायत."

मी ते वाक्य वाचलं आणि खाली फरशीवर बसलो. तरी भीती गेली नाही. "रस्त्यात हायत" म्हणजे ओढा अजून ओलांडायचा होता. "कुंडलात पोचली" हे शब्द आले तेव्हा दुकानं बंद होत होती.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी कडेगावच्या अंगानं कुंडल गाठलं. शाळेच्या पटांगणात जनावरं बांधलेली, वर्गांत माणसं. अक्काची म्हैस एका कोपऱ्यात रेडकाला चाटत होती. अक्का व्हरांड्यात खांबाला टेकून बसली होती. माझ्याकडं बघितलं आणि तोंड फिरवलं. मी शेजारी बसलो. कालचं वाक्य आमच्या दोघांच्या मध्ये बसलं होतं.

पुतण्या इंजिनिअरही आला होता. तो सरपंचांना समजावत होता, "बेसिकली सिस्टीम फेल नव्हती. डिलिव्हरी शंभर टक्के होती. यूजरनं चुकीचा डेटा दिला." मी उठलो. लोक मध्ये पडले म्हणून, नाहीतर त्याच्या गळ्यातला पट्टा माझ्या हातात आला असता. यूजरनं चुकीचा डेटा दिला! एकानंही चुकीचा नंबर दिला नव्हता. प्रश्न विचारणाऱ्याला हे घर कसं चालतं ते ठावं नव्हतं. या वाक्यासाठी मी त्या माणसाला अजून माफ केलेलं नाही. आमच्या धंद्यातल्या निम्म्या लोकांना केलेलं नाही.

सरपंच माझ्याजवळ आले. "पाव्हणं, वरनं आणखी पाणी सुटणार म्हणत्यात. आता तरी खरं नंबर घ्या सगळ्यांचं."

मी वर्गावर्गात फिरलो. "काकू, तुमचा नंबर सांगा." काकू माझ्याकडं बघत राहिल्या. "माझा? त्यो पोराला ठावं." पुढचे आबा म्हणाले, "मी कशाला माझ्या नंबराला फोन लावू?" एकालाही आपला नंबर सांगता येईना. मग मी म्हटलं, मला मिस्ड कॉल द्या. डबे बाहेर निघाले. बहुतेकांवरून फोन जाईचना. रिचार्ज संपलेले. येणारा फोन तेवढा उचलायचा असतो, जाणाऱ्याचे पैसे कोण घालणार? शेवटी मी प्रत्येकाच्या लेकाला फोन लावून त्याच्या आईचा नंबर विचारू लागलो. भोसरीहून, सुरतेहून, गोदीतून नंबर येत होते आणि मी ते समोर बसलेल्या माणसाच्या नावापुढं भरत होतो.

अक्का राहिली होती. भाच्याला लावला, ड्यूटीवर असणार, लागला नाही. तिचा फोन शाळेच्या एकुलत्या एक चालू सॉकेटला लावलेला होता. मी तिच्यासमोर हात पसरला. तिनं फोन काढून दिला. मी माझा नंबर दाबला. फोनमधल्या बाईनं सांगितलं, रिचार्ज संपलाय.

"अक्का, ह्यावरनं फोन जात न्हाई. तुला गरज लागली तर कुणाला करणार?"

"मला कुणाला करायचा असतो?" ती पटांगणाकडं बघतच म्हणाली. "त्यो करतो, मी उचलते."

तिचा स्वतःचा नंबर तिला ठावं नाही, मला ठावं नाही. माझ्या फोनमधला "अक्का" या नावाचा नंबर लावला तर तो बंद, आणि तिचा फोन माझ्या हातात चालू; म्हणजे तो जुना, बंद पडलेला नंबर होता. हाच मी काल दिवसभर लावत होतो. भाच्यानं सांगितलं नसतं तर तिचा फोन काल चालू होता की बंद, हेही मला कळलं नसतं.

दुपारी भाच्यानं नंबर कळवला. मी रिचार्ज मारला, तिच्या फोनवरून माझा नंबर परत लावला. दोन्ही फोन माझ्याच हातात होते, वाजणार हे मला ठाऊक होतं. तरी माझा फोन वाजला तसा मी असा दचकलो की तो हातातून सुटून फरशीवर पडला.

अक्का बघत होती. सकाळपासून पहिल्यांदा तिनं माझ्या तोंडाकडं नीट बघितलं.

"लय भ्यालास व्हय रं?"

"व्हय," मी म्हटलं.

तिनं वाकून फोन उचलला, पदरानं काच पुसली आणि माझ्या हातात दिला.